टीबीचा रिपोर्ट ‘ना हो, ना नाही’ आला तर पुढे काय करायचं

टीबीच्या तपासणीचा रिपोर्ट हातात पडतो आणि त्यावर ना ‘आहे’ असतं, ना ‘नाही’. ‘इनव्हॅलिड’, ‘इंडिटरमिनेट’, ‘ट्रेस’, ‘बॉर्डरलाइन’, ‘सजेस्ट क्लिनिकल कोरिलेशन’ असं काहीतरी असतं. घरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, टीबी निघाला नाही ना, मग सोडून द्या. दुसरा म्हणतो, काहीतरी असल्याशिवाय असं लिहितील का, गोळ्या चालू करून टाका. दोघंही घाई करतात आणि दोन्ही घाया महागात पडतात. पहिलीमुळे आजार महिनोन्‌महिने आत वाढत राहतो आणि घरातल्या लेकरांपर्यंत पोचतो. दुसरीमुळे ज्याला टीबी नाहीच त्याला सहा महिने जड औषधं खावी लागतात आणि खरा आजार बाजूला राहतो.

असा रिपोर्ट आला तर त्याचा अर्थ एवढाच, की त्या नमुन्यावर त्या तपासणीला उत्तर देता आलं नाही. का देता आलं नाही, याची कारणं मोजकी आहेत आणि प्रत्येक कारणाची पुढची पायरी वेगळी आहे. म्हणून डॉक्टरांना किंवा लॅबमधल्या तंत्रज्ञांना पहिला प्रश्न विचारायचा तो हा: “उत्तर कशामुळे आलं नाही?” हा लेख पेशंटसाठी आहे आणि त्याच्याबरोबर रांगेत उभ्या राहणाऱ्या घरच्या माणसासाठी. औषध चालू करायचं की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्यासमोर बसताना आपल्याला काय विचारायचं हे माहीत असलं, की फेऱ्या कमी होतात.

पायरी १: तपासणी कोणती होती ते आधी ओळखा

टीबीच्या तपासण्यांचे दोन गट आहेत. त्यांची सरमिसळ झाली की सगळाच गोंधळ होतो.

पहिला गट प्रत्यक्ष जंतू शोधतो. थुंकीची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, सीबीनॅट, ट्रूनॅट, जंतू वाढवून पाहणारं कल्चर आणि औषधाला जंतू दाद देतात का हे पाहणारी एलपीए, या सगळ्या या गटातल्या. यांत जंतू सापडला तर तो आत्ताच्या आजाराचा थेट पुरावा असतो.

दुसरा गट जंतू शोधतच नाही. शरीराची या जंतूशी कधी गाठ पडली आहे का, एवढंच तो पाहतो. हातावर सुई टोचून करतात ती मोंटू, तिची नवी बहीण सायटीबी आणि रक्तावरची इग्रा या इथल्या. या तपासण्या पॉझिटिव्ह आल्या म्हणजे टीबीचा आजार झाला, असं होत नाही. आपल्या देशात कोट्यवधी माणसांच्या अंगात हा जंतू निद्रिस्त पडून असतो. ज्यांची प्रतिकारशक्ती चांगली असते अशा दहांतल्या नऊ जणांना त्याचा आयुष्यभर त्रास होत नाही. म्हणून खोकला-ताप असलेल्या माणसाला आजार आहे की नाही, हे इग्रावर किंवा मोंटूवर ठरवत नाहीत. त्या ‘बॉर्डरलाइन’ आल्या तरी आजाराचा प्रश्न थुंकीकडे किंवा गाठीच्या नमुन्याकडेच न्यावा लागतो.

तिसरीही एक जात होती. रक्तातली टीबीची ‘आयजीजी-आयजीएम’ अँटिबॉडी तपासणी. ती इतकी बेभरवशाची निघाली, की जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये ती वापरू नका असं सांगितलं आणि भारत सरकारने २०१२ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. कोणी ती करायला सांगत असेल तर पैसे देऊ नका. आणि जुना तसला रिपोर्ट फाइलमध्ये असेल तर त्यावरून काहीही ठरवू नका.

पायरी २: सीबीनॅट किंवा ट्रूनॅटच्या रिपोर्टवरची ओळ नीट वाचा

हल्ली सरकारी दवाखान्यात संशयित रुग्णाची पहिली तपासणी बहुतेक ठिकाणी यांपैकी एक असते. दोन्ही यंत्रं जंतूचा जनुकीय अंश शोधतात, आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो का, तेही सांगतात. ट्रूनॅटचं यंत्र गोव्याच्या मोलबायो कंपनीचं. ते बॅटरीवर चालतं, त्यामुळे वीज जाते-येते अशा प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते ठेवता येतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला मान्यता दिली.

आता ओळींचे अर्थ पाहू.

‘इनव्हॅलिड’. प्रत्येक तपासणीत यंत्र स्वतःचीही एक परीक्षा घेतं. नमुन्यासोबत एक ओळखीचा अंश मुद्दाम घातलेला असतो आणि तो सापडलाच पाहिजे. तोही सापडला नाही तर यंत्र म्हणतं, माझ्या उत्तरावर विसंबू नका. थुंकीत रक्त किंवा अन्नाचे कण असले की असं होऊ शकतं.

‘एरर’ आणि ‘नो रिझल्ट’. पहिल्यात यंत्र किंवा कार्ट्रिज अडलं, नमुना फार घट्ट होता, दाब बसला नाही असं काही. दुसऱ्यात तपासणी अर्ध्यात थांबली, बहुधा वीज गेल्यामुळे.

या तिन्ही ओळी टीबीबद्दल काहीच सांगत नाहीत. त्यांना निगेटिव्ह समजणं ही मला सर्वांत धोक्याची चूक वाटते, कारण माणूस समाधानाने घरी जातो आणि परत येतच नाही. यावर उपाय सोपा आहे: ताजा नमुना द्या, तपासणी पुन्हा करून घ्या. सरकारी केंद्रात ती मोफत असते आणि खाजगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही नमुना तिथे देता येतो.

‘एमटीबी डिटेक्टेड, रिफ इंडिटरमिनेट’. एमटीबी म्हणजे टीबीचा जंतू, रिफ म्हणजे रिफॅम्पिसिन. ही ओळ वाचून लोक म्हणतात, “रिपोर्ट क्लिअर आला नाही.” पण तो अर्धा तर स्पष्ट आहे: टीबी आहे. जंतू इतके थोडे होते, की औषधाच्या प्रतिकाराबद्दल यंत्राला सांगता आलं नाही, एवढंच. अशा वेळी उपचार थांबवून ठेवायचे नसतात, आणि दुसरा नमुनाही विसरायचा नसतो. रिफॅम्पिसिनला दाद न देणारा टीबी असेल तर नेहमीच्या गोळ्या पुरत नाहीत, औषधंच बदलावी लागतात. म्हणून विचारा: “दुसरा नमुना कधी द्यायचा? एलपीएला आणि कल्चरला पाठवणार का?” शक्यतो पहिल्या गोळीच्या आधीच तो नमुना द्या.

याच घरातली आणखी एक ओळ आहे. जंतूंचं प्रमाण ‘व्हेरी लो’ आणि शेजारी ‘रिफ रेझिस्टन्स डिटेक्टेड’. आधी कधी टीबी झालेला नाही, घरात कुणाला औषधाला दाद न देणारा टीबी नव्हता, अशा माणसाच्या बाबतीत इतक्या थोड्या जंतूंवर यंत्र चुकू शकतं. इथे तपासणी पुन्हा करून घेण्याचा आग्रह धरायला हरकत नाही.

‘ट्रेस’. सर्वांत जास्त घोळ हीच ओळ घालते, म्हणून इथे जरा थांबू. सीबीनॅटची ‘अल्ट्रा’ नावाची जास्त तीक्ष्ण आवृत्ती आहे, ही ओळ तिच्यातच येते. साध्या सूक्ष्मदर्शकाला जंतू दिसायला थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. जुन्या सीबीनॅटला सव्वाशे-दीडशे पुरतात. अल्ट्राला पंधरा-सोळाही चालतात. जंतूच्या जनुकांत ज्या तुकड्याच्या अनेक प्रती असतात तो तुकडा अल्ट्रा शोधते, म्हणून इतक्या थोड्यातही तिला चाहूल लागते. पण औषधाच्या प्रतिकाराची खूण जिथे असते त्या भागाची एकच प्रत असते. ती हाती लागत नाही, म्हणून ‘ट्रेस’सोबत रिफॅम्पिसिनबद्दल कधीच काही कळत नाही.

मग ट्रेस म्हणजे टीबी आहे का? माणूस कोण आहे, यावर ते ठरतं. लहान मूल, एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती, किंवा नमुना पाठीच्या मणक्यातल्या पाण्याचा वा गाठीचा असेल तर ट्रेसही टीबीच धरतात. कारण तिथे जंतू मुळातच थोडे असतात आणि वाट पाहण्यात जीव जाऊ शकतो. ज्याने गेल्या काही वर्षांत टीबीचा पूर्ण कोर्स केला आहे त्याचं मात्र वेगळं. मेलेल्या जंतूंचे अंश फुप्फुसात बराच काळ राहतात आणि यंत्राला जिवंत-मेलेला फरक कळत नाही. तिथे नवा एक्स-रे जुन्याशी ताडून पाहणं आणि कल्चर करणं, हाच खरा मार्ग. म्हणून आधी कधी टीबी झाला असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नका. आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यांपासून नोकरीपर्यंत हा आजार दडवायची सवय लागलेली आहे. पण ट्रेस आल्यावर तीच एक माहिती निर्णय फिरवू शकते.

याच कारणामुळे उपचार चालू असताना किंवा संपल्यावर “बरा झालो का” हे पाहायला सीबीनॅट वापरत नाहीत. त्यासाठी थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि कल्चर करतात. कोर्स संपल्यावर कुणी हौसेने सीबीनॅट करून घेतली आणि ती पॉझिटिव्ह आली, तर तेवढ्यावरून आजार उलटला असं समजू नये.

शेवटी ‘एमटीबी नॉट डिटेक्टेड’. ही ओळ दिसायला निःसंदिग्ध आहे. पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन हे सगळं चालूच असेल, तर तिच्यावर फाइल बंद होत नाही. नमुन्यात लाळच गेली असेल, जंतू फार थोडे असतील, किंवा टीबी फुप्फुसात नसून गाठीत, मणक्यात, पोटात असेल, तर थुंकी निगेटिव्हच येणार.

पायरी ३: दुसरा नमुना पहिल्यापेक्षा चांगला द्या

तपासणी पुन्हा करायची म्हणजे तोच निकृष्ट नमुना पुन्हा द्यायचा नाही. माझं ठाम मत आहे, की घरच्या माणसाच्या हातात असलेल्या गोष्टींत याच्याइतकी मोलाची दुसरी कुठली नाही. आणि नेमकी हीच कुणी समजावून सांगत नाही. डबी हातात देतात आणि “थुंकी आणा” म्हणतात.

थुंकी म्हणजे तोंडातली लाळ नव्हे. छातीतून खोकून वर आलेला बेडका हवा: घट्ट, चिकट, पिवळसर किंवा पांढुरका. पाण्यासारखं पातळ, वर फेस आलेलं असेल तर ती लाळ समजायची. सकाळी उठल्यावर, चहा-नाश्त्याआधीचा नमुना सर्वांत चांगला, कारण रात्रभर छातीत साचलेलं तेव्हा वर येतं. आधी साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा. मग दोन-तीनदा खोल श्वास घ्या, थोडा रोखा, आणि पोटापासून जोर लावून खोका. डबी ओठांना लावून थेट तिच्यात थुंका. दोन ते पाच मिलिलिटर, म्हणजे चमच्याभरापर्यंत, पुरतं. झाकण घट्ट लावा, नाव डबीवर लिहा. झाकणावर लिहू नका, झाकणं बदलतात. शक्यतो त्याच दिवशी केंद्रात पोचवा. उशीर होणारच असेल तर डबी उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, गार जागी ठेवा.

हे सगळं मोकळ्या हवेत करायचं: गच्चीवर, अंगणात, उघड्या गॅलरीत. बाथरूममध्ये किंवा बंद खोलीत खोकलं तर जंतू हवेत तिथेच राहतात. दवाखान्यात चार लोकांसमोर खाकरायला आपल्याकडच्या बायका संकोचतात, तोंडाला पदर लावून कसंबसं थुंकतात, आणि डबीत लाळच जाते. सासूबाई असोत की सून, त्यांना आडोसा मिळेल अशी मोकळी जागा शोधून द्या आणि घाई करू नका.

बेडका येतच नसेल तर मिठाच्या पाण्याची वाफ नेब्युलायझरने देऊन तो आणता येतो. ही सोय आहे का, ते विचारा. लहान मुलं बेडका गिळून टाकतात. म्हणून त्यांच्या पोटातलं पाणी सकाळी उपाशीपोटी नळीने काढतात, आणि आता शौचाचा नमुनाही तपासता येतो. तरीही भागलं नाही तर दुर्बिणीने फुप्फुसातलं पाणी घेतात.

आता औषधांबद्दल. खोकला-ताप घेऊन गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलं की पुष्कळदा लिव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन दिलं जातं. ही औषधं टीबीच्या जंतूवरही चालतात. थोडं बरं वाटतं, थुंकीतले जंतू कमी होतात, तपासणी गडबडते, आणि दोन आठवड्यांनी आजार पुन्हा डोकं वर काढतो. शिवाय औषधाला दाद न देणारा टीबी झाला तर हीच औषधं कामी येणारी असतात, आणि ती आधीच बोथट झालेली असतात. म्हणून टीबीचा संशय असेल तर नमुना आधी, अँटिबायोटिक नंतर. घेतलं असेल तर त्याचं पाकीट किंवा चिठ्ठी सोबत न्या.

गाठ किंवा पाणी काढणार असतील तर

मानेत गाठ आहे, छातीत पाणी झालंय, मणक्याचा तुकडा काढायचा आहे, अशा वेळी एक गोष्ट आधीच बोलून ठेवा. काढलेला सगळा नमुना फॉर्मालिनच्या बाटलीत घातला तर त्यावर कल्चर होत नाही, कारण फॉर्मालिन जंतू मारतं. एक भाग फॉर्मालिनमध्ये पॅथॉलॉजीसाठी आणि एक भाग साध्या सलाइनमध्ये सीबीनॅट-कल्चरसाठी, अशी वाटणी ऑपरेशनच्या आधीच सांगावी लागते. नंतर आठवून उपयोग नाही. गाठ एकदाच निघते. “सर, एक तुकडा सलाइनमध्ये पाठवाल ना?” एवढं विचारायला कुठल्याही पदवीची गरज नाही.

गाठीच्या रिपोर्टवर ‘ग्रॅन्युलोमॅटस इन्फ्लमेशन’, म्हणजे एका खास प्रकारची सूज, असं येतं. आपल्या देशात त्याचं पहिलं कारण टीबीच असतो, पण एकमेव नव्हे. सार्कॉइडोसिस नावाच्या आजारात आणि काही बुरशीजन्य आजारांतही तेच दिसतं. छातीतल्या पाण्यात एडीए नावाचा घटक ४० च्या वर असला तर टीबीकडे बोट जातं. मात्र छातीत पू झालेला असेल तरी किंवा काही प्रकारच्या कर्करोगातही तो वाढतो. हे रिपोर्ट एकेकटे वाचायचे नसतात.

पायरी ४: कल्चरची वाट पाहा, पण हातावर हात ठेवून नाही

कल्चर म्हणजे बी पेरून उगवतं का ते पाहण्यासारखं आहे. जिवंत जंतूच उगवतो, म्हणून त्याचा शब्द सर्वांत पक्का. पण हा जंतू फार सावकाश वाढतो. द्रव माध्यमात निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस थांबावं लागतं, घन माध्यमात ८ आठवडे. दहाव्या दिवशी लॅबमधून “अजून काही नाही” असं सांगितलं तर तो निगेटिव्ह निकाल नव्हे.

कल्चरमध्येही दोन अडखळणारे निकाल येतात. ‘कंटॅमिनेटेड’ म्हणजे दुसरेच जंतू आधी वाढले. नमुना उशिरा पोचला किंवा तोंड धुतलं नव्हतं की हे जास्त होतं. नवा नमुना द्यायचा. दुसरा ‘एनटीएम’. हे टीबीच्या जंतूचे दूरचे नातेवाईक, पाण्यात-मातीत राहणारे. एकदा सापडले म्हणजे आजार त्यांच्यामुळेच आहे असं नाही. आणि असला तरी औषधं टीबीची नेहमीची नसतात. छातीच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सूक्ष्मदर्शकाच्या रिपोर्टवर ‘स्कँटी’ असं येतं, तेही इथेच सांगून टाकते. शंभर क्षेत्रांत एक ते नऊ जंतू दिसले असा त्याचा अर्थ. थोडे असले तरी ते दिसले आहेत, तेव्हा हा निगेटिव्ह रिपोर्ट नाही.

पायरी ५: मोंटू, सायटीबी, इग्रा यांच्या अर्धवट निकालांचं काय

मोंटूत सुई टोचल्यावर ४८ ते ७२ तासांत हात दाखवायलाच हवा. चौथ्या-पाचव्या दिवशी गेलात तर ते मोजमाप धरत नाहीत. लाली मोजायची नसते, बोटाला लागणारा कडकपणा हाताच्या आडव्या दिशेने मोजायचा असतो. साधारणपणे १० मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह, एचआयव्ही असलेल्यांत ५. कुपोषण, नुकताच झालेला गोवर, स्टेरॉइड या सगळ्यांमुळे खरी लागण असूनही हात कोरा राहू शकतो. उलट जन्माच्या वेळी दिलेल्या बीसीजीमुळे लागण नसताना थोडा फुगवटा येऊ शकतो. सायटीबी ही पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची चाचणी. ती बीसीजीने फसत नाही, म्हणून तिची मर्यादा सगळ्यांना एकच, ५ मिलिमीटर.

इग्रामध्ये ‘इंडिटरमिनेट’ आलं तर रिपोर्टवरचे ‘निल’ (काहीही न मिसळलेल्या रक्ताचा) आणि ‘मायटोजेन’ (पेशींना मुद्दाम चेतवल्यावरचा) हे दोन आकडे पाहा. क्वांटिफेरॉन प्रकारात निल ८ च्या वर गेला तर रक्त आधीच इतकं चेतलेलं आहे, की टीबीची प्रतिक्रिया वेगळी काढता येत नाही. मायटोजेनमधून निल वजा केल्यावर ०.५ पेक्षा कमी उरलं, तर पेशींनी कुठल्याच उद्दीपनाला उत्तर दिलं नाही. असं पुष्कळदा प्रतिकारशक्ती दबल्यामुळे होतं: स्टेरॉइड, एचआयव्ही, संधिवाताची काही औषधं, मोठं आजारपण. पण रक्ताची नळी वेळेत लॅबला पोचली नाही, नळी कमी-जास्त भरली, किंवा हलवली गेली नाही, तरीही तेच होतं. म्हणून लगेच प्रतिकारशक्तीची चिंता करण्याआधी विचारा, की रक्त कुठे काढलं आणि किती वेळाने लॅबमध्ये पोचलं. ताजं रक्त देऊन तपासणी पुन्हा करता येते, शक्यतो लॅबच्या मुख्य केंद्रात जाऊन.

इग्राच्या याच प्रकारात पॉझिटिव्हची मर्यादा ०.३५. तुमचा आकडा ०.३० किंवा ०.४० असेल तर तोच माणूस दोन वेळा तपासला तरी निकाल इकडचा तिकडे होऊ शकतो. अशा आकड्यावरून घाबरायचं नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही. पुन्हा तपासणी करून घ्यायची. मोंटू आणि इग्रा दोन्ही करायच्या असतील तर इग्राचं रक्त आधी किंवा मोंटूचा हात दाखवायच्या दिवसापर्यंत द्या. त्यानंतर मोंटूचं औषधच इग्राचा आकडा वाढवू शकतं.

परदेशी शिकायला किंवा नोकरीला निघालेल्या मुलामुलींसाठी एक वेगळी सूचना. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून जास्त राहायला जायचं असेल तर व्हिसाआधी मान्यताप्राप्त केंद्रात छातीचा एक्स-रे काढावा लागतो. त्यात जुना डाग किंवा शंका दिसली तर थुंकीचे नमुने कल्चरला जातात, आणि कल्चरला वेळ लागतो म्हणून निकालही दोन महिन्यांवर जाऊ शकतो. पूर्वी टीबी होऊन बरा झाला असेल तर एक्स-रे, उपचाराचं कार्ड, कोर्स पूर्ण झाल्याचा दाखला हे सगळं आधीच गोळा करा आणि तिकिटाच्या तारखेच्या पुष्कळ आधी तपासणीला जा.

पायरी ६: एक्स-रेवर फार खल करू नका

‘कॉक्स कॅनॉट बी रूल्ड आउट’ (टीबी नाहीच असं सांगता येत नाही) किंवा ‘ओल्ड हील्ड लीजन’ (जुना, भरून आलेला डाग) हे रेडिऑलॉजिस्टचं सावध लिहिणं असतं. डाग जुना की नवा, हे एका फोटोवरून ठरवणं कठीण. जुना एक्स-रे किंवा सीटी शोधून न्या. दोन फोटो शेजारी ठेवले की जे कळतं ते एका महागड्या नव्या सीटीनेही कळेलच असं नाही. एक्स-रे संशय देतो, पुरावा नमुन्यातून येतो.

पायरी ७: डॉक्टरांसमोर बसताना

सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. कधीपासून खोकला, वजन आधी किती होतं आणि आता किती, कोणती अँटिबायोटिक किती दिवस घेतली, मधुमेह आहे का, एचआयव्ही तपासणी झाली आहे का, घरात किंवा कामाच्या ठिकाणी कुणाला टीबी होता का, हे एका कागदावर लिहून काढा. मग विचारा: उत्तर कशामुळे आलं नाही? आता कोणता नमुना, कुठल्या तपासणीसाठी? टीबी नसेल तर आणखी काय असू शकतं? निकाल येईपर्यंत थांबणं सुरक्षित आहे का?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. कारण कधीकधी जंतू सापडत नाही तरी लक्षणं, एक्स-रे, गाठीचा रिपोर्ट हे सगळं एकाच दिशेने बोट दाखवतं आणि डॉक्टर उपचार चालू करायचं ठरवतात. हा रीतसर निर्णय आहे. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमातही असे रुग्ण नोंदवले जातात. पण ‘पंधरा दिवस एकेटी (टीबीच्या गोळ्या) देऊन बघू’ हे वेगळं, आणि ते टाळलेलं बरं. टीबीच्या गोळ्यांतलं रिफॅम्पिसिन इतर पुष्कळ जंतूंनाही मारतं, त्यामुळे बरं वाटलं म्हणजे टीबीच होता, असं सिद्ध होत नाही. बरं वाटलं नाही तरी काही कळत नाही, आणि मधल्या काळात नमुना मात्र खराब होतो. उपचार चालू करायचेच तर नमुने घेऊन, नोंद करून, पूर्ण कोर्सच्या तयारीने.

नोंद म्हणजे टीबी रुग्णांसाठीच्या सरकारी नि-क्षय पोर्टलवरची. खाजगी डॉक्टरांवरही २०१२ पासून टीबीचा रुग्ण कळवण्याचं बंधन आहे. नोंद झाली की औषधं मोफत मिळतात, नि-क्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये बँक खात्यात येतात, आणि पुढच्या तपासण्यांचा धागा सुटत नाही. कुठे जायचं कळत नसेल तर आशाताईंना विचारा, किंवा १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर फोन करा.

निकाल येईपर्यंत घरात

खोकणाऱ्या माणसाने मास्क लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, शक्य असेल तर वेगळ्या हवेशीर खोलीत झोपावं. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. टीबी भांड्यांतून पसरत नाही, हवेतून पसरतो. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, मधुमेह किंवा एचआयव्ही असलेलं माणूस घरात असेल तर ते डॉक्टरांना सांगा. टीबी पक्का झाला की घरातल्या सगळ्यांची तपासणी होते. ज्यांना आजार नाही त्यांना प्रतिबंधक औषधही मिळतं.

काही लक्षणं मात्र कुठल्याही रिपोर्टची वाट पाहू देत नाहीत. थुंकीतून रक्त, बसल्या जागी धाप, सतत डोकं दुखून उलट्या आणि माणूस गुंगीत जाणं, पाय लुळे पडणं, लहान मुलाने खाणं-पिणं सोडून मलूल होणं. यांपैकी काही दिसलं तर फाइल उचला आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. तिथे पोचल्यावर पहिल्याच डॉक्टरांना सांगा, की टीबीची तपासणी झाली आहे आणि उत्तर अजून आलेलं नाही.